हॅलोशेठचं तारतम्य

हॅलोशेठना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं, आणि कुठल्याही कार्यक्रमाआधी माईकवर बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" असं विचारण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लग्न असो, शोकसभा असो की निवडणुकीची सभा, पहिलं भाषण हॅलोशेठचं. तेवढं बोलून झालं की ते मंचामागच्या खुर्चीत बसायचे, अॅम्प्लिफायर पुढ्यात ओढून घ्यायचे आणि कान लावायचे. पण आवाजाला, बोलण्याला नव्हे. खर्ज वाढलाय का, शिट्टी घुसतेय का, वक्ता माईक खायला निघालाय का, एवढ्यावर त्यांचं लक्ष. हजारो भाषणं त्यांच्या वायरींतून गेली आणि एकही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांची बायको त्याच बाजारात शिवणकामाचं दुकान चालवायची. ती म्हणायची, "यांना कोणी स्टेजवरून शिव्या घातल्या तरी हे म्हणतील, आवाज छान लागलाय."

मागच्या उन्हाळ्यात चौकात पहाडीची सभा झाली. पहाडी म्हणजे इथला पुढारी. अंगाने काटकुळा, पण आवाज असा की कर्णे नसते तरी चाललं असतं, म्हणून पहाडी. तो बाहेरून आलेल्या लोकांवर बोलला. बाहेरून म्हणजे कुठून, आणि आलेले म्हणजे कधी, हे त्याने मोघमच ठेवलं होतं. आजोबांच्या काळी इथे आलेल्या घरातले घड्याळवाले काकाही त्यात बसत होते. सभा उठली आणि जमावातल्या काही जणांनी सरळ घड्याळवाल्या काकांचं दुकान गाठून ते पेटवलं. काका मागच्या दाराने वाचले, पण उजव्या हाताची बोटं भाजली आणि नंतर आखडली. बारीक स्क्रू चिमटीत धरायचं काम संपलं. आता ते फक्त सेल बदलून देत.

पोलिसांनी चौकशी केली, तर एवढ्या मोठ्या सभेत कोणाच्याच कानावर काही पडलं नव्हतं. हॅलोशेठनाही विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, डावीकडचा कर्णा जरा फाटत होता. बाकी ठीक होतं." पहाडी म्हणाला, मी तर प्रेमावर बोलत होतो. प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे तिथलं मिटलं. वर कुठेतरी त्याची दखल घेतली गेली आणि नवा कायदा आला. अतिरेकी विचार पसरवणारं बोलणं थांबवायचं, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. हॅलोशेठनीही मान डोलावली. मग शेवटच्या पानावरचं कलम फौजदारसाहेबांनी पोलीस ठाण्यात सगळ्या लाउडस्पीकरवाल्यांना वाचून दाखवलं. अतिरेकी बोलणं कानावर पडताक्षणी लाउडस्पीकरवाल्याने आवाज बंद करायचा. न केला तर वक्त्याबरोबर तोही आरोपी.

"पण साहेब, अतिरेकी कशाला म्हणायचं?" हॅलोशेठनी विचारलं.

फौजदारसाहेबांनी कागद वर-खाली केला. "समाजात अस्वस्थता निर्माण करणारं जे जे काही, ते."

"डास फार झालेत म्हटलं तरी लोक अस्वस्थ होतात."

"शेठ, तारतम्य वापरा."

हॅलोशेठ दुकानात परत आले. दुकानात वायरी होत्या, स्टँड होते, फ्यूज होते, एका जर्मन माईकचा सांगाडासुद्धा होता. तारतम्य तेवढं नव्हतं. त्यांनी अॅम्प्लिफायरला बाहेरून एक मोठं लाल बटण बसवलं आणि देवावर हवाला ठेवला.

पहिलाच कार्यक्रम दातांच्या डॉक्टरांचा. सभागृहात दंतआरोग्यावर व्याख्यान होतं. डॉक्टर तसे सज्जन, पण त्यांच्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड उघडं आणि बोलणं बंद असल्याने त्यांना अडवलं जायची सवय नव्हती. हॅलोशेठ आयुष्यात पहिल्यांदा शब्द न् शब्द ऐकत होते, कपाळावर घाम, बोट बटणावर.

"हे शत्रू बाहेर नसतात," डॉक्टर रंगात येऊन म्हणाले, "आपल्यातच दडून बसलेले असतात! वरून सगळं पांढरंशुभ्र, आणि आतून पोखरणं चालू! यांना दयामाया दाखवू नका. मुळासकट उपटून..."

खट्. आवाज बंद.

डॉक्टर माईकवर टकटक करत राहिले. दारात उभ्या हवालदाराने वहीत नोंद केली आणि हॅलोशेठकडे बघून अंगठा वर केला. दोन दिवसांनी फौजदारसाहेबांनी त्यांना चहाला बोलावलं. "अजून कोणाला जमलं नव्हतं बघा. तुम्ही खातं उघडलंत."

"पण ते किडीबद्दल बोलत होते, साहेब."

"असतील. पण अस्वस्थता झाली की नाही? मला स्वतःला दाढेत कळ आल्यासारखं वाटलं."

एवढा मान हॅलोशेठना जन्मात कोणी दिला नव्हता, आणि तो त्यांच्या डोक्यात जायला वेळ लागला नाही. भर सभेत तोंड बंद होण्याच्या भीतीने वक्ते आधीच भाषण लिहून त्यांच्या दुकानात आणू लागले. मुख्याध्यापक आले, क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आले, लग्नात चार शब्द बोलणारे नवरीचे मामा आले. तोवर वरून नको त्या शब्दांची एक यादीही आली होती; तिची प्रत फौजदारसाहेबांनी दिली, आणि हॅलोशेठनी एक लाल पेन घेतलं, चष्म्याला दोरी लावली. ते "लढा"चं "प्रयत्न" करत, "धिक्कार"चं "आश्चर्य" करत. एका मोर्चाचा त्यांनी सामुदायिक फेरफटका केला. एका शोकसभेत "त्यांचे विचार वणव्यासारखे पसरोत" असं कोणी लिहून आणलं होतं. शेठनी वणवा खोडून "हळूहळू" लिहिलं. नवरीच्या मामांना त्यांनी "ही मुलगी आता तुमच्या ताब्यात देतो" हे वाक्य अपहरणाकडे झुकतं असं समजावून सांगितलं. मामा घाबरून फक्त "जेवून जा" म्हणाले आणि खाली उतरले.

हळूहळू शहरातल्या सभा छोट्या झाल्या. लोक येत, सगळं छान आहे असं ऐकत आणि घरी जात.

आणि मग एके दिवशी स्वतः पहाडी दुकानात आला. बरोबर वकील, वकिलाच्या हातात टाइप केलेलं भाषण. हॅलोशेठनी पेन सरसावलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, पेन टेकायला जागा मिळेना. सगळीकडे प्रेम, सलोखा, आदरातिथ्य. लढा नाही, शत्रू नाही, आग तर औषधालासुद्धा नाही.

सभा झाली. "आम्ही पाहुण्यांवर प्रेम करतो," पहाडी साखरेच्या आवाजात म्हणाला. "पाहुण्यांनीही आमच्यावर करावं. पाहुणा किती दिवस राहणार, हे विचारणं म्हणजे काही द्वेष नव्हे. आपण प्रेमानेच विचारू. पुन्हा पुन्हा विचारू. उत्तर मिळेपर्यंत विचारू."

लोक हसले. कसे हसले, ते मंचामागून हॅलोशेठना नीट दिसलं. समोरच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. रस्त्यापलीकडे घड्याळवाल्या काकांनी, भर संध्याकाळी, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. शेठचं बोट बटणावर होतं. पण दाबायचं कशासाठी? पाहुणा म्हटलं म्हणून? प्रेम म्हटलं म्हणून?

"बघा," फौजदारसाहेब त्यांच्या कानाशी लागले, "याला म्हणतात सुधारणा." पुढच्या आठवड्यात पहाडीला कायद्याचं पहिलं सलोखादूत पदक मिळालं.

याच सुमारास बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह नगरपालिकेने बंद केलं. दुरुस्तीसाठी, असं म्हणाले; प्रत्यक्षात त्या जागेवर "सुस्वागतम्" लिहिलेली कमान उभी करायची होती. भाजीवाल्या, दुकानांतल्या मुली, शिवणकामाला येणाऱ्या बायका, सगळ्यांची पंचाईत झाली. सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाणी प्यायची सोय नाही. हॅलोशेठच्या बायकोने सगळ्यांना गोळा केलं आणि चौकात सभा ठरवली.

"अहो, शनिवारी स्पीकर हवाय," ती म्हणाली.

"देतो की. भाषणाचा मसुदा दे."

"कसला मसुदा?"

"अगं, नियम आहे. तू माझी बायको म्हणून का सूट द्यायची?"

मग शिलाई मशीनवरचा कापडाच्या मापांचा कागद उलटा करून तिने चार ओळी लिहिल्या. हॅलोशेठनी "बंद" खोडून "तात्पुरतं विश्रांतीवर" लिहिलं, "आमचा हक्क" खोडून "आमची नम्र इच्छा" केलं आणि मोठ्या मनाने सही ठोकली.

शनिवारी ती मंचावर चढली आणि कागद पदराला खोचून मोकळी झाली.

"कमान हवी असेल तर बांधा," ती म्हणाली. "येणाऱ्याचं स्वागत करा. पण आलेल्या बाईने जायचं कुठे, तेही कमानीवर लिहा! आम्ही आठ दिवस देतो. कुलूप निघालं नाही, तर आम्ही सगळ्याजणी नगरपालिकेच्या दारात जाऊन बसू. आणि नुसत्या बसणार नाही!"

चौकात हशा पिकला. भाजीवाल्यांनी टोपल्या बडवल्या. फौजदारसाहेबांनी मात्र लांबूनच हाताने कात्री चालवल्याची खूण केली. धमकी, सरकारी इमारत, जमाव, तिन्ही एकाच वाक्यात होती. हॅलोशेठनी बायकोकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि बटण दाबलं.

ती ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता. तिने माईक हलवला, मग सावकाश मान वळवून मंचामागे बघितलं. सगळा चौक तिकडेच बघत होता. कोणीतरी म्हणालं, "घरी जमलं नाही ते शेठनी इथे करून दाखवलं," आणि मघाशी तिच्या बोलण्यावर हसलेली माणसं आता तिलाच हसली. ती खाली उतरली आणि दुकानात निघून गेली.

घरी ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिली.

"बोलू का?"

"म्हणजे?"

"आधी मंजुरी घेतलेली बरी. 'साखर संपली आहे.' यात अस्वस्थता आहे का बघा. 'संपली' जरा टोकाचं वाटत असेल तर 'विश्रांतीवर आहे' म्हणते."

"अगं, असं काय करतेस?"

"आणि तुमच्या आत्याबाई येणार आहेत. पाहुण्या किती दिवस राहणार, हे प्रेमाने विचारायला चालतं ना? तेवढं वाक्य पास झालेलं आहे, मी ऐकलंय."

आठवडाभर हेच. प्रत्येक वाक्याआधी "बोलू का?" जेवताना, दिवा घालवताना, पाहुण्यांसमोर. हॅलोशेठना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी जेवण जाईना. ते उठले आणि, का कोण जाणे, घड्याळवाल्या काकांच्या दुकानात जाऊन बसले. दुकान जळल्यापासून ते तिथे कधी गेले नव्हते.

काकांनी डाव्या हाताने स्टूल पुढे सरकवलं. "सेल?"

"नाही. काका, मला एक सांगा. हा कायदा तुमच्यासाठी आला म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्यासाठी आला, पण माझ्याकडे नाही आला कोणी," काका म्हणाले. "सगळे म्हणतात, कायदा मोडीत काढा, बोलायचं स्वातंत्र्य पाहिजे. मी नाही म्हणत तसं. माझं दुकान जळलंय. बोलण्यानेच जळलंय. पण शेठ, डॉक्टरांच्या किडीशी माझं काय भांडण? आणि तुमच्या बायकोने काय माझं घोडं मारलंय? तिला बंद केलंत त्या दिवशी मी मनात म्हटलं, आता हे बटण माझ्या कामाला यायचं नाही. त्याला भलतीच सवय लागली."

"मग थांबवायचं तरी काय?"

"मागच्या उन्हाळ्यात पहाडी मला शिव्या देत होता, त्या मी ऐकल्या की. जन्मभर ऐकत आलोय. दुखतं, पण दुकान जळत नाही. मग तो म्हणाला, 'चौकातून उजवीकडे, हिरवं शटर.' तेव्हा मी उठलो." काकांनी आखडलेली बोटं टेबलावर ठेवली. "शिवीचं मी बघून घेईन. पत्ता दिला की मग माझ्या हातात काही राहत नाही."

हॅलोशेठ घरी आले. बायकोने "बोलू का?" म्हटल्यावर ते म्हणाले, "बोल. काय वाटेल ते बोल." त्यावर ती बराच वेळ बोलली. त्यातलं बहुतेक इथे सांगण्यासारखं नाही.

पहाडीची पुढची सभा निवडणुकीच्या तोंडावर होती. भाषण पास झालेलं, गर्दी तुफान, पहिल्या रांगेत फौजदारसाहेब. पहाडी छातीवर पदक लावून आला होता.

"प्रेमाची सुरुवात आपल्या बाजारापासूनच करू," तो हातातला कागद मिटून म्हणाला. "उद्या सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला, आपण सगळे मिळून भेटीला जाऊ. चौकातून उजवीकडे. शटर नवीन आहे, रंग तोच आहे. हार नको, नुसते हात घेऊन या."

गर्दी हसली. हॅलोशेठनी ते हसू ओळखलं. त्यांनी बटण दाबलं.

पहाडीचा आवाज कर्ण्यांशिवायही चालेल असं सगळे म्हणायचे, पण चालला नाही. इतक्या वर्षांत त्याला विजेची सवय लागली होती. तो ओरडला तेव्हा घसा चिरकला, आणि पहिल्या चार रांगांच्या पलीकडे काही पोचेना. मागचे "काय म्हणाला? काय म्हणाला?" करू लागले. हॅलोशेठ उभे राहिले, पहाडीच्या माईकची वायर उपटली, बटण पुन्हा दाबून आवाज चालू केला आणि जवळचा माईक तोंडाशी धरला.

"हॅलो," ते म्हणाले. सवयीने आवाज येतोय का विचारणार होते, पण थांबले. "त्या दुकानात काका असतात. मागच्या वेळी त्यांची बोटं जळली. उद्या जे जातील, त्यांची नावं मी साहेबांना सांगणार आहे. मला बहुतेक सगळ्यांची घरं माहीत आहेत. तुमच्या लग्नांना मीच स्पीकर लावलेत."

कोणी हसलं नाही. फौजदारसाहेब तावातावाने मंचामागे आले. "शेठ, कोणत्या शब्दावर बंद केलंत? यादीतला शब्द दाखवा!"

"शब्द नव्हता, साहेब. पत्ता होता."

"पत्ता यादीत नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दुकानाकडे कोणी गेलं नाही. हॅलोशेठना मात्र समन्स आलं. मंजूर भाषणात अडथळा आणणे, सलोखादूताच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणे, आणि वर जमावाला धमकी देणे. कोर्टात पहाडीचे वकील बोलण्याच्या स्वातंत्र्यावर इतकं सुंदर बोलले की टाइपिस्टचे डोळे भरून आले. ज्या देशात एक लाउडस्पीकरवाला लोकनेत्याचं तोंड बंद करू शकतो, तिथे, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि रुमाल काढला. हॅलोशेठना ते सगळं पटलं. अडचण तीच होती.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई.

"वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे," हॅलोशेठ म्हणाले. "माझ्या हातात बटण नकोच. मी डॉक्टरांना बंद केलं, बायकोला बंद केलं, त्याबद्दल मला चहा मिळाला. ह्यांना केलं त्याबद्दल कोर्ट. मला यातलं काही कळत नाही. पण त्यांनी दुकान दाखवलं, वेळ सांगितली, हे मी या कानांनी ऐकलं. तेवढं लिहून घ्या. मागच्या वेळी मी ऐकत नव्हतो."

मागच्या बाकावर दातांचे डॉक्टर उठून उभे राहिले. "माझीही साक्ष घ्या. मी दोन्ही सभांना होतो. मागच्या वेळी मीसुद्धा पोलिसांना काही ऐकलं नाही म्हणालो होतो. ऐकलं होतं." मग, सवय जाईना म्हणून, त्यांनी हिरड्यांच्या निष्काळजीपणावरही दोन वाक्यं जोडली आणि बाईंनी त्यांना खाली बसवलं.

निकाल आला तो कोणाच्याच मनासारखा नव्हता. बटण दाबायचा अधिकार लाउडस्पीकरवाल्याला असता कामा नये, ते कलम गैर आहे, असं बाईंनी लिहिलं. आणि कलम गैर असलं तरी जमावाला धमकावलं म्हणून हॅलोशेठचा परवाना तीन महिने काढून घेतला. पहाडीवर मात्र जुनाच गुन्हा दाखल करायला सांगितला, दुकान जाळायला चिथावल्याचा. त्यासाठी नव्या कायद्याची गरजच नव्हती, असं एका ओळीत त्यांनी फौजदारसाहेबांना सुनावलं. फौजदारसाहेब बाहेर येऊन व्हरांड्यात बराच वेळ टोपी हातात धरून उभे होते. "शेठ," ते म्हणाले, "मी साक्षीदार मागत होतो हो. वरच्यांनी मला यादी पाठवली."

खटला सुरू झाला. तारखा पडू लागल्या. पहाडी निवडून आला, पण काठावर. स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं. किल्ली मात्र नगरपालिकेच्या कचेरीत ठेवली, आणि ती न्यायला अर्ज करावा लागे.

म्हणून चौकात बायकांची पुन्हा सभा झाली. परवाना नसल्याने स्पीकर दुसऱ्या गावाहून आणलेला, डावीकडचा कर्णा शिट्टी मारत होता. हॅलोशेठ पहिल्यांदाच समोर, लोकांत बसले होते. मान तिरकी करून ते बायकोचं एकेक वाक्य ऐकत होते.

"किल्ली आपल्या ताब्यात हवी," ती म्हणत होती. "बाजारातल्या एका बाईकडे ती कायमची राहील."

"एकीकडे कशाला?" हॅलोशेठ बसल्या जागेवरून ओरडले. "ती आजारी पडली तर? कुलूपच नको!"

लोक वळून बघू लागले. बायको थांबली. तिने डोळे बारीक करून गर्दीत शोधलं.

"कुलूप नको तर आत कोण काय करून ठेवेल, ते धुवायला तुम्ही येणार का?"

"येईन! पण कुलूप नको!"

"अहो, मग तिथे बसून काय बोलताय? मागे कोणाला ऐकू येत नाहीये. इकडे या आणि माईकवर बोला. तुमचं झालं की मी उत्तर देते."

हॅलोशेठ धोतराला पाय अडकल्यासारखे गडबडत मंचावर चढले. माईकसमोर उभे राहिले आणि घसा खाकरला. समोर सगळा बाजार बसला होता, आणि पुढे काय बोलायचं ते त्यांना एक अक्षर सुचेना.

"बोला," बायको शेजारी हाताची घडी घालून म्हणाली. "मी थांबलेय."